रबरातली भुकटी आणि क्युअरिंगचं घड्याळ

चार्ल्स गुडइयरला १८४४ साली अमेरिकेत रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं. त्यात प्रमाण दिलं होतं: २५ भाग रबर, ५ भाग गंधक, ७ भाग सफेदा. सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं कार्बोनेट, त्या काळी रंगांत सर्रास वापरलं जाणारं. गंधकाची गोष्ट सगळे सांगतात, सफेद्याची कुणी सांगत नाही. रंग यावा, माल भरीव व्हावा म्हणून घातलेली भुकटी, एवढ्यावर त्याची बोळवण होते. पण शिशाची संयुगं गंधक आणि रबर यांच्यातल्या अभिक्रियेला चांगलाच वेग देतात. नुसतं रबर आणि गंधक तापवत बसलं तर पक्कं व्हायला तासन् तास जातात. म्हणजे पहिल्याच गाजलेल्या कृतीत ती पांढरी भुकटी रसायनाचं काम करत होती.

झिंक ऑक्साइडचा प्रवास याच्या उलट झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे टायर पांढुरके दिसायचे, कारण बळकटीसाठी त्यांत झिंक ऑक्साइड भरपूर घातलेलं असे. १९०४ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात एस. सी. मोट यांना कार्बन ब्लॅकने, म्हणजे बारीक काजळीने, रबर किती दणकट होतं ते दिसलं आणि पुढच्या दशकभरात टायर काळे होत गेले. झिंक ऑक्साइड शंभर भाग रबराला तीन ते पाच भागांवर आलं. तेवढं मात्र आजही सहजासहजी वगळता येत नाही, कारण गंधकाच्या क्युअरिंगमधले, म्हणजे रबर पक्कं करण्यातले, ॲक्सलरेटर (अभिक्रियेला वेग देणारी रसायनं) त्याच्या जोडीशिवाय धड चालत नाहीत. भरीची भुकटी, म्हणजे फिलर, म्हणून आलेला पदार्थ रसायन म्हणून टिकला.

या दोन्ही गोष्टींत जे दिसतं तेच मला या लेखात नीट उलगडून सांगायचं आहे. रबरात घातलेली भुकटी नुसती जागा अडवून बसत नाही. ती क्युअरिंगमध्ये हात घालते, आणि क्युअरिंग बदललं की तयार रबराचे गुण बदलतात. तरीही अनेक ठिकाणी फिलर एकाने ठरवायचा आणि क्युअरिंगचा डोस दुसऱ्याने, अशी कामाची वाटणी होते. फिलर बदलून गंधक आणि ॲक्सलरेटर तसेच ठेवले जातात, आणि मग नवा फिलर बेकार असल्याचा निकाल लागतो. त्या बिचाऱ्या फिलरला संधीच मिळालेली नसते.

कच्चं रबर पक्कं कसं होतं

कच्च्या रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेले लांबच लांब दोरे. ताण दिला की ते एकमेकांवरून सरकतात आणि सरकलेले परत जागेवर येत नाहीत. म्हणून कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक होतं, आणि ताणून सोडलं तर पूर्ण आकारात परतत नाही. गंधक घालून तापवलं की शेजारशेजारच्या रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. एका पुलात गंधकाचा एक अणू असू शकतो, दोन किंवा अनेकही. हे पूल झाले की सबंध तुकडा एकच जाळं बनतो. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात, आणि शॉप फ्लोअरवर सगळे त्याला क्युअरिंग म्हणतात.

पूल किती, यावर कडकपणा आणि लवचिकता ठरते. फार कमी असले तर रबर मऊ आणि लोळागोळा राहतं, फार झाले तर ठिसूळ होतं. मधे कुठेतरी प्रत्येक वस्तूसाठी योग्य जागा असते. गुडइयरच्या कृतीत शंभर भाग रबराला वीस भाग गंधक पडत होता. आज नेहमीच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे रबर आणि बाकीच्या घटकांच्या मिश्रणात, दीड-दोन भागांत भागतं. हा फरक ॲक्सलरेटरमुळे पडला. १९०६ साली जॉर्ज ओएनस्लेजर यांनी ॲनिलिन वापरून सेंद्रिय ॲक्सलरेटरचं दार उघडलं. आता सल्फेनामाइड, थायाझोल, थायुराम, ग्वानिडिन अशी त्यांची कुळंच आहेत.

हे सगळं पाहायचं साधन म्हणजे रिओमीटर. कच्च्या कंपाउंडचा छोटा तुकडा दोन तापलेल्या डायमध्ये दाबून बसवतात. खालची डाय अर्ध्या अंशाने इकडून तिकडे हलत राहते आणि ती हलवायला किती जोर लागतो, म्हणजे टॉर्क किती, ते यंत्र नोंदवत जातं. सुरुवातीला रबर तापून मऊ होतं आणि आलेख खाली जातो. तो सगळ्यात खालचा बिंदू म्हणजे मिनिमम टॉर्क. मग काही काळ काहीच घडत नाही. त्यानंतर पूल बांधायला सुरुवात होते आणि आलेख चढू लागतो. तळापासून दोन एकक वर यायला लागलेला वेळ म्हणजे स्कॉर्च टाइम. शेवटी आलेख सपाट होतो, तो मॅक्सिमम टॉर्क. एकूण चढाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ म्हणजे टी-९०. मोल्डिंगचा वेळ साधारण याच आकड्यावरून ठरवतात.

मधली 'काहीच घडत नाही' ती वेळ फार मोलाची असते. तेवढ्यातच रबर मोल्डच्या कानाकोपऱ्यात वाहून जायला हवं. त्याआधीच पूल बांधले गेले तर कंपाउंड स्कॉर्च होतं, त्याच्या गाठी होतात आणि तो माल परत वितळवून वापरता येत नाही.

भुकटीचा कण जवळून पाहिला तर

कार्बन ब्लॅकचा सगळ्यात ओळखीचा ग्रेड म्हणजे एन-३३०. त्याचे मूळ गोळे साधारण २६ ते ३० नॅनोमीटरचे असतात, पण ते सुटे सापडतच नाहीत. भट्टीत तयार होतानाच ते एकमेकांना कायमचे जोडले जाऊन द्राक्षाच्या घडासारखे समूह बनतात. मिक्सरमध्ये कितीही मळलं तरी हा समूह सहसा फुटत नाही. म्हणून रबराच्या दृष्टीने खरा कण तोच. त्याच्या फांद्या जितक्या वेड्यावाकड्या, तितका त्याचा स्ट्रक्चर जास्त असं म्हणतात. फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेलं रबर बाहेरच्या ताणापासून वाचतं आणि फिलरचाच भाग असल्यासारखं वागतं.

आता पृष्ठभाग पाहा. एन-३३० च्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ७८ चौरस मीटर भरतो. शंभर ग्रॅम रबरात ५० ग्रॅम ब्लॅक घातला, म्हणजे अगदी नेहमीचं प्रमाण, तर रबर आणि कार्बन यांची गाठभेट ३,९०० चौरस मीटरवर होते. मुठीत मावेल एवढ्या त्या गोळ्यात जवळजवळ एक एकराची सीमा आहे. तेवढंच वजन एन-९९० या जाड्याभरड्या ग्रेडचं घातलं तर हीच सीमा चारशे चौरस मीटरच्या आसपास येते. वजन तेच, पदार्थ तोच, आणि रबर मात्र पूर्ण वेगळं निघतं.

या सीमेवर रबराचे रेणू कणाला घट्ट धरून बसतात. ते दाखवणारा प्रयोग साधा आहे. क्युअर न केलेलं, फिलर नसलेलं रबर टोल्यूइन या द्रावकात काही दिवस भिजत ठेवलं तर ते पुरतं विरघळून जातं. त्यात बारीक कार्बन ब्लॅक चांगला मिसळलेला असेल तर विरघळत नाही. द्रावक बदलत राहिलं, आठवडाभर वाट पाहिली, तरी काळा फुगलेला लगदा तळाशी उरतोच. गंधकाचा एकही पूल अजून बांधलेला नसताना रबराचा काही भाग कणांनी धरून ठेवलेला असतो. याला बाउंड रबर म्हणतात. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण फिलर आणि रबर यांचं नातं क्युअरिंगच्या आधीच जुळतं हे तो डोळ्यांसमोर ठेवतो.

फिलर घड्याळ कसं फिरवतो

फिलरमुळे क्युअरिंगचा वेग बदलण्याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि ती एकाच वेळी कामाला लागतात. म्हणूनच निकाल पाहून गोंधळ उडतो.

सगळ्यात सरळ कारण म्हणजे कणाच्या पृष्ठभागाचं रसायन. गंधकाचं क्युअरिंग आम्लाने मंदावतं आणि अल्कलीने वेग घेतं. पूर्वी कार्बन ब्लॅक चॅनेल पद्धतीने बनायचा. वायूच्या ज्योती लोखंडी पट्ट्यांवर धरून काजळी गोळा करत. त्या काजळीचा पृष्ठभाग ऑक्सिजनमुळे आम्लधर्मी असायचा आणि कंपाउंड निवांत क्युअर व्हायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलापासून भट्टीत ब्लॅक बनवायची पद्धत आली. तो ब्लॅक अल्कलीकडे झुकणारा होता. तीच जुनी कृती घेऊन काम करणाऱ्यांना आता मिक्सिंगमध्येच स्कॉर्चला तोंड द्यावं लागलं. उशिरा काम सुरू करणारे सल्फेनामाइड ॲक्सलरेटर लोकप्रिय होण्यामागे हे एक मोठं कारण होतं. ग्रेडच्या नावातल्या 'एन'चा अर्थही 'नॉर्मल क्युअरिंग' असाच आहे. हळू क्युअर होणाऱ्या ब्लॅकच्या नावाआधी 'एस' लागतो. म्हणजे वर्गीकरण करणाऱ्यांनी कणाच्या आकाराआधी क्युअरिंगचा वेग लिहिला. रोज एन-३३०, एन-६६० असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात येतं.

दुसरं कारण उष्णतेचं. बारीक फिलर घातला की कंपाउंड घट्ट होतं. घट्ट कंपाउंड मिक्सरमध्ये मळताना घर्षणाने जास्त तापतं, आणि तापलेल्या प्रत्येक मिनिटाला स्कॉर्चची शिल्लक खर्च होते. तापमान दहा अंशांनी वाढलं तर क्युअरिंगचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी या खर्चाचा अंदाज येतो. म्हणूनच आधी रबर आणि फिलर यांचा मास्टरबॅच बनवतात, तो थंड करतात, आणि गंधक व ॲक्सलरेटर नंतर कमी तापमानाला घालतात.

मोल्डमध्ये गेल्यावर उष्णतेचं वेगळंच प्रकरण सुरू होतं. रबर उष्णता फार हळू वाहून नेतं. फिलर घातल्यावर ती थोडी लवकर आत पोहोचते. पातळ शीटमध्ये हा फरक कळत नाही. जाड वस्तूत, उदाहरणार्थ रस्त्याच्या पुलाखालच्या बेअरिंगमध्ये किंवा मोठ्या रोलरमध्ये, गाभा बाहेरच्या थरापेक्षा कितीतरी उशिरा तापतो. तिथे रिओमीटरवरचा टी-९० हा आकडा नुसती सुरुवात असते. बाहेरचा थर गरजेपेक्षा जास्त शिजून नैसर्गिक रबरातले लांब गंधकपूल तुटू लागतात, आणि आत अजून कच्चंच असतं.

आता एक बारकावा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्बन ब्लॅकचं प्रमाण वाढवत गेलं की रिओमीटरवर स्कॉर्च टाइम बहुधा कमी होत जातो. यातला काही भाग खरा रासायनिक असतो. पण काही भाग मोजण्याच्या रीतीतून येतो. स्कॉर्च टाइम म्हणजे टॉर्क दोन एकक वाढायला लागलेला वेळ. फिलर असलेलं कंपाउंड मुळातच घट्ट असल्यामुळे तितक्याच पुलांनी त्याचा टॉर्क जास्त उडी मारतो. दोन एककांची पायरी ते लवकर ओलांडतं. पूल लवकर बांधले गेले असंच समजणं इथे चुकीचं ठरतं.

सिलिकाची गोष्ट

एकाच कृतीतला ५० भाग ब्लॅक काढून ५० भाग प्रेसिपिटेटेड सिलिका, म्हणजे द्रावणातून साका पाडून बनवलेली सिलिकाची भुकटी, घातली, बाकी काहीही बदललं नाही, तर रिओमीटरवरचे दोन आलेख शेजारी ठेवण्यासारखे असतात. ब्लॅकचा आलेख खाली जातो, थांबतो, मग तीरासारखा वर चढून सपाट होतो. सिलिकाचा आलेख मुळात फारसा खाली जातच नाही, कारण मिनिमम टॉर्कच खूप जास्त असतो. मग तो लंगडत वर चढतो, आणि वेळ संपत आली तरी सपाट होण्याचं नाव घेत नाही. तो तुकडा मोल्डमधून काढून नखाने दाबला तर कडक लागतो, पण ताणला तर परत यायला आळस करतो.

असं होण्यामागे सिलिकाच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट आहेत, म्हणजे सिलिकॉनला चिकटलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे जोड. ते ध्रुवीय आणि किंचित आम्लधर्मी असतात. रबर तेलासारखं अध्रुवीय आहे, त्यामुळे त्याच्याशी सिलिकाचं जमत नाही. ती आपल्याच कणांना बिलगते आणि कंपाउंडमध्ये स्वतःचं जाळं विणते. म्हणून मिनिमम टॉर्क चढा. दुसरीकडे ॲक्सलरेटरचे रेणू ध्रुवीय असतात, झिंकची संयुगंही असतात. ती सिलिकाला फार प्रिय. ती त्यांना पृष्ठभागावर ओढून धरते आणि रबरापर्यंत पोहोचूच देत नाही. आपण दीड भाग ॲक्सलरेटर घातलेला असतो, प्रत्यक्षात कामावर त्यातला काही हिस्साच हजर असतो. म्हणून चढ मंद आणि पूल कमी.

यावर पहिला उपाय म्हणजे सिलिकाची ही भूक दुसऱ्या कशाने तरी भागवायची. डायफिनाइल ग्वानिडिन, म्हणजेच डीपीजी, किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल घातलं की ते जाऊन पृष्ठभागावर बसतं आणि मुख्य ॲक्सलरेटर मोकळा राहतो. डीपीजी स्वतः अल्कलीधर्मी असल्यामुळे आम्लाचा परिणामही उतरवतं. रंगीत सोल, मॅट, होज अशा वस्तूंत बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा आहे. सिलेन नावाचे रेणू दोन तोंडांचे असतात. सगळ्यात प्रसिद्ध आहे टीईएसपीटी. त्याची दोन्ही टोकं सिलिकाच्या सिलॅनॉल गटांशी जुळतात आणि मधे सरासरी चारेक गंधक अणूंची साखळी असते. मिक्सरमध्ये टोकं सिलिकाला धरतात आणि इथेनॉल बाहेर पडतं. पुढे मोल्डमध्ये मधली साखळी उघडून रबराला धरते. अशा तऱ्हेने कण आणि रबर यांच्यात खरा रासायनिक पूल तयार होतो.

हे बोलायला सोपं आहे, करायला नाजूक. पहिली अभिक्रिया मिक्सरमध्येच उरकायची असते, आणि तिला साधारण १४० ते १५५ अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटं टिकवावं लागतं. कमी तापलं तर सिलेन अर्धवट राहतं. जास्त, म्हणजे १६० च्या पुढे गेलं, तर मधली गंधकाची साखळी तुटते, तो गंधक मिक्सरमध्येच पूल बांधायला लागतो आणि सगळा बॅच वाया जातो. ब्लॅकच्या कंपाउंडमध्ये मिक्सर हे मिसळायचं भांडं असतं. सिलिका-सिलेनमध्ये तोच रिॲक्टर होतो, आणि ऑपरेटरला तापमानाचा काटा रसायनशास्त्रज्ञासारखा सांभाळावा लागतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलिनने सिलिका ट्रेडचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरात सिलिका घातलेले, प्रवासी गाड्यांचे टायर बाजारात आणले, तेव्हा अनेक कारखान्यांना मिक्सिंगची सगळी रीतच नव्याने शिकावी लागली.

एवढ्या खटाटोपाचं फळ मोठं आहे. टायर फिरताना त्याचं रबर सतत दबतं आणि सुटतं, आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ही गळती बरीचशी फिलरच्या कणांचं आपसातलं जाळं तुटण्या-जुळण्यातून होते. सिलेनने सिलिकाचे कण रबराला बांधले की त्यांचं आपसातलं जाळं सैल पडतं, गळती घटते आणि इंधन वाचतं. ओल्या रस्त्यावरची पकडही चांगली राहते.

टॉर्क म्हणजे पुलांची मोजदाद नव्हे

मॅक्सिमम टॉर्कमधून मिनिमम वजा केला की पुलांची संख्या कळते, असं सर्रास धरलं जातं. फिलर नसलेल्या रबरात हे बऱ्यापैकी खरं आहे. फिलर आला की त्या आकड्यात तीन-चार गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे निव्वळ घनकणांचा परिणाम. पातळ पदार्थात घन गोळे सोडले की तो किती घट्ट होतो याचं सूत्र आइन्स्टाइनने १९०६ साली मांडलं. १९११ साली त्यातला आकडा दुरुस्त झाला आणि कणांच्या आकारमानाच्या अडीच पट अशी वाढ ठरली. गूथ आणि गोल्ड यांनी १९३८ मध्ये कणांच्या परस्पर परिणामासाठी त्यात वर्गाचं पद जोडलं. हिशेब करून पाहा. शंभर भाग नैसर्गिक रबराची घनता ०.९२ आणि ५० भाग ब्लॅकची १.८ धरली तर ब्लॅक एकूण आकारमानाच्या सुमारे २० टक्के होतो. सूत्रात घातल्यावर कडकपणा दुपटीला येतो. पूल एकही वाढलेला नाही, तरी आकडा दुप्पट.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. कण स्वतः ताणले जात नाहीत, त्यामुळे बाहेरून दिलेला सगळा ताण मधल्या रबराला सोसावा लागतो. बाहेरून २० टक्के ताणलं तर आतलं रबर सरासरी त्याच्या दुप्पट ताणलेलं असतं. फिलर जास्त झालेलं रबर वारंवार वाकवल्यावर लवकर तडकतं, त्यात या गोष्टीचा वाटा असतो.

शिवाय कणांचं जाळं. तापल्यावर आणि मळणं थांबल्यावर कण पुन्हा एकमेकांकडे सरकून गुच्छ करतात. सिलिकात हे ठळक दिसतं. रिओमीटरच्या आलेखात खऱ्या क्युअरिंगच्या आधी एक छोटा उंचवटा येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की स्कॉर्च झालं. शहानिशा करायची असेल तर तेच कंपाउंड गंधक आणि ॲक्सलरेटर न घालता चालवून पाहावं. सिलेनमधूनही गंधक सुटू शकतो, म्हणून तापमान जरा कमीच ठेवावं. उंचवटा तिथेही आला तर तो कणांच्या गुच्छांचा आहे, पुलांचा नाही.

खरे पूल मोजायचे तर क्युअर केलेला तुकडा द्रावकात फुगवून पाहतात. जाळं जितकं घट्ट, तितका तो कमी फुगतो. इथेही फिलर आडवा येतो, कारण कण फुगत नाहीत आणि आपल्याला चिकटलेल्या रबरालाही फुगू देत नाहीत. क्राउस यांनी १९६३ मध्ये यासाठी दुरुस्तीचं सूत्र दिलं. सिलिकाच्या बाबतीत अमोनियाच्या वातावरणात भिजवण्याची युक्ती वापरतात. अमोनिया कण आणि रबर यांच्यातली नुसती चिकटण तोडतो, रासायनिक बंध राहू देतो. मग सिलेनने खरंच किती काम केलं ते वेगळं काढता येतं.

तयार रबराला काय मिळतं

स्टायरीन-ब्युटाडाईन रबर फिलरशिवाय जेमतेम दोन-तीन मेगापास्कलला तुटतं. त्यात ५० भाग बारीक ब्लॅक घातला की वीसच्या पुढे जातं. सुमारे दहापट. नैसर्गिक रबराचं तसं नाही. ते ताणताना स्वतःच स्फटिक बनवतं, आणि त्यामुळे फिलर नसतानाही वीसच्या आसपास ताकद देतं. म्हणून 'फिलरने ताकद दहापट वाढते' हे वाक्य रबराचं नाव घेतल्याशिवाय म्हणू नये. नैसर्गिक रबरात फिलरचा खरा फायदा झीज, फाटणं आणि कडकपणा यांत दिसतो.

ताकद फिलरसोबत वाढत जाते आणि बारीक ब्लॅकमध्ये ४० ते ६० भागांच्या दरम्यान कुठेतरी माथा गाठून उतरू लागते. त्यापुढे सगळ्या कणांना ओलं करायला रबर पुरत नाही, कणांच्या गाठी राहतात, आणि प्रत्येक गाठ म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. हार्डनेस मात्र वाढतच राहतो. नुसता हार्डनेस पाहून फिलर वाढवणाऱ्याला हा उतार दिसत नाही. तुटण्यापूर्वीची लांबी तर पहिल्यापासूनच घटत जाते.

दोन विशेष वर्तनं सांगायलाच हवीत. फिलर असलेलं रबर पहिल्यांदा ताणताना जेवढा जोर लागतो, तेवढा दुसऱ्या खेपेला लागत नाही. याला मलिन्स इफेक्ट म्हणतात. चाचणीचा पहिला आकडा आणि वापरातलं वर्तन यांत अंतर का पडतं, ते यातून कळतं. दुसरा पेन इफेक्ट. अगदी लहान ताणाला, टक्क्याच्या दहाव्या भागाला, फिलर असलेलं रबर फार कडक असतं आणि ताण दहा टक्क्यांकडे नेला की हा कडकपणा झपाट्याने घसरतो. कणांचं जाळं मोडल्याची ती खूण. फिलर नीट मिसळला का, सिलेनने काम केलं का, याचा मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटणारा निकष हाच आहे.

बाकीच्या भुकट्या

चायना क्ले आम्लधर्मी असतो, म्हणून क्युअरिंग मंदावतो. सिलिकासारखेच पण सौम्य उपाय त्याला चालतात. कॅल्शियम कार्बोनेट अल्कलीकडचं, क्युअरिंगला त्रास देत नाही, पण त्याचे नेहमीचे कण इतके जाडे असतात की बळकटी फारशी देत नाहीत. अतिबारीक, स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेला ग्रेड थोडीफार देतो. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने क्युअर करायचं असेल तर आम्लधर्मी फिलर आणखी घातक. ते पेरॉक्साइडचं असं विघटन घडवतात की पूल बांधणारे फ्री रॅडिकल, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, तयारच होत नाहीत. तिथे डोस वाढवण्यापेक्षा फिलर बदलणं किंवा त्याचा आम्लपणा आधी मारणं शहाणपणाचं.

नॅनोक्लेत गंमत उलटी आहे. मातीचे थर सुटे व्हावेत म्हणून त्यांना अमोनियम गटाचं सेंद्रिय रसायन लावलेलं असतं, आणि अमाइनसारखं वागून तेच क्युअरिंगला पळवतं. ही माती घालून टी-९० निम्म्यावर आला तर श्रेय मातीच्या थरांना देण्याआधी त्या रसायनाचा वाटा तपासायला हवा.

जुन्या टायरचा चुरा नव्या कंपाउंडमध्ये घालतात, तेही एक प्रकारचं फिलरच. पण हा कण दोन्ही दिशांनी देवाणघेवाण करतो. त्यात उरलेला ॲक्सलरेटर बाहेर येतो आणि स्कॉर्च टाइम कमी करतो. नव्या रबरातला गंधक चुऱ्यात शिरतो, आणि भोवतालच्या रबरात पूल बांधायला गंधक कमी पडतो. क्युअरिंग लवकर सुरू होतं आणि मॅक्सिमम टॉर्क मात्र खाली राहतो. ही जोडी आलेखात दिसली की गंधक थोडा वाढवायचा आणि लवकर पेटणाऱ्या ॲक्सलरेटरच्या जागी उशिरा सुरू होणारा घ्यायचा. चुऱ्याचं प्रमाण बदललं की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि चुरा कोणत्या टायरचा आहे ते बदललं तरीही.